परदेशी ऑटो कंपनी प्लांट टाकते तेव्हा नोकऱ्या नेमक्या कुठे तयार होतात

प्रश्न थोडक्यात असा आहे, की परदेशी ऑटोमोबाईल कंपनी अमुक अब्जांची गुंतवणूक जाहीर करते, सोबत "इतके हजार रोजगार" असा आकडा येतो, तर त्यातले खरे किती, ते कोणाला मिळतात आणि इंजिनिअरिंग केलेल्या पोराने यात काय बघायचं. मी बरीच वर्षं सप्लायर डेव्हलपमेंट आणि लोकलायझेशनमध्ये आहे, म्हणजे बाहेरून पेटीत येणारे पार्ट स्थानिक व्हेंडरकडून बनवून घ्यायचं काम, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने येईल आणि जरा लांबेल.

आधी मुद्द्याचं सांगतो. प्लांटच्या गेटच्या आतल्या नोकऱ्या हा सगळ्या प्रकारातला लहान भाग असतो. खरा हिशोब दोन गोष्टींवर ठरतो, पार्ट कुठून विकत घेतले जातात आणि ड्रॉइंगवर फायनल सही कुठे होते, म्हणजे डिझाईनचा शेवटचा निर्णय कुठे होतो. या दोन्ही गोष्टी परदेशातच राहिल्या तर कितीही मोठा प्लांट येऊ दे, तो एक मोठा असेंब्ली हॉलच राहतो. दोन्ही हळूहळू इकडे आल्या तर त्या भागात पुढची पंचवीस-तीस वर्षं काम मिळत राहतं, आणि कधी कधी तर प्लांट बंद झाल्यावरसुद्धा मिळतं, त्याचं उदाहरण पुढे देतोच.

आता गेटच्या आतलं. कार प्लांटमध्ये साधारण प्रेस शॉप, वेल्ड शॉप, पेंट शॉप आणि ट्रिम-फायनल असे भाग असतात. नवीन प्लांटमध्ये वेल्ड शॉपला गेलात तर रोबोटच रोबोट दिसतात, माणसं असतात ती मेंटेनन्सची आणि पार्ट लोड करणारी. पेंट शॉपमध्येही तेच. माणसांची गर्दी दिसते ती ट्रिम-फायनलला, जिथे डॅशबोर्ड, सीट, काच, वायरिंग बसवतात, कारण गाडीच्या आत वाकून क्लिप दाबणं अजून माणसालाच चांगलं जमतं. म्हणजे किती पैसे ओतले यावरून किती माणसं लागतील हे सरळ काढता येत नाही. हंगेरीतल्या डेब्रेसेनचं बघा, चीनच्या सीएटीएलने २०२२ मध्ये तिथे बॅटरी कारखाना जाहीर केला, साधारण ७.३ अब्ज युरो आणि सुमारे ९,००० नोकऱ्या. भागाकार करा, एका नोकरीमागे ८ लाख युरोच्या वर जातं. बॅटरी सेलचं काम असंच असतं, ड्राय रूम, कोटिंग लाईन, सगळा पैसा मशीनमध्ये. याचा अर्थ गुंतवणूक वाईट असा नाही, पण "इतके अब्ज आले म्हणजे इतके लाख लोक लागणार" हे गणित डोक्यातून काढून टाका.

दुसरं म्हणजे जाहीर केलेला आकडा बहुतेक वेळा पूर्ण क्षमतेचा असतो, तीन शिफ्ट, सगळी मॉडेलं चालू, पाच-सात वर्षांनंतरचा. त्यात कधी बांधकामावरचे लोक धरलेले असतात, कधी कंत्राटी धरलेले असतात, कधी सप्लायरकडचे "अप्रत्यक्ष" म्हणून मिळवलेले असतात. बातमी वाचताना मी आधी हेच बघतो की थेट किती, पे-रोलवर किती, कोणत्या वर्षापर्यंत, आणि मार्केट पडलं तर आधी कोणाला घरी पाठवणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळीकडे सारखंच आहे, कंत्राटी आणि ट्रेनी.

आता पार्ट कुठून येतात यावर येतो, कारण इथेच खरं पाणी मुरतं. नवीन प्लांट सुरू होतो तेव्हा बरेच पार्ट सीकेडी पेट्यांमध्ये येतात, म्हणजे सुट्या स्वरूपात बाहेरून, आणि इथे जोडले जातात. मारुती-सुझुकीचीही सुरुवात अशीच झाली, १९८२ ला करार, सुझुकीचा हिस्सा २६ टक्के, डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी आणि तिच्यात स्थानिक पार्ट फारच थोडे. पण टप्प्याटप्प्याने पार्ट देशातच बनवायची अट होती आणि त्यामुळे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गुरगाव आणि आसपास व्हेंडरची अख्खी फळी उभी राहिली. भारतात गाडीच्या पार्टचा धंदा आज जो दिसतो त्याचा पाया बराचसा तिथे पडला असं माझं स्पष्ट मत आहे.

एक पार्ट लोकलाईज होतो म्हणजे काय होतं ते जरा जवळून सांगतो, कारण बाहेरून हे कोणाला दिसत नाही. समजा एबीएस युनिट (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) धरणारा एक साधा स्टीलचा ब्रॅकेट आहे, हाताच्या पंजाएवढा, दोन बेंड, तीन भोकं, एक वेल्ड नट. ड्रॉइंग तीन-चार प्रेस पार्ट व्हेंडरकडे जातं. पहिलीच अडचण मटेरिअलची, ड्रॉइंगवर ग्रेड लिहिलेली असते त्यांच्या देशाच्या स्टँडर्डची आणि स्थानिक मिल देते ती जवळपासची ग्रेड, मग ती चालेल का हे विचारायला मेल जातो परदेशातल्या मटेरिअल लॅबला, आणि इथे कोणाकडे अधिकार नसेल तर तो मेल आठवडेच्या आठवडे तिथेच पडून राहतो. मंजुरी आली की टूल रूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागात, प्रोग्रेसिव्ह डायचं (पत्र्याला टप्प्याटप्प्याने आकार देणारा साचा) डिझाईन, मग वायरकट आणि व्हीएमसी मशीनवर ती कापणं, आणि शेवटी फिटर निळा रंग लावून वरची-खालची डाय कुठे टेकते ते बघत बसतो. पहिल्या ट्रायलला बेंड ९० अंशाचा हवा तर स्प्रिंगबॅकमुळे, म्हणजे वाकवलेला पत्रा थोडा परत उघडतो म्हणून, ९१-९२ येतो, मग पंच परत घासायचा, परत ट्रायल. त्यानंतर कोटिंग, सॉल्ट स्प्रेमध्ये शेकडो तास टाकून गंज धरतो का बघायचं. चेकिंग फिक्स्चर, सीएमएम मशीनवर मापं घेतल्याचा रिपोर्ट, सुरुवातीची प्रोसेस कपॅबिलिटी (मापं मर्यादेत किती भरवशाने येतात त्याचा आकडा) १.६७ च्या वर आहे का, मग पीपीएपीची, म्हणजे पार्ट मंजुरीच्या कागदपत्रांची फाईल, मग ठरलेल्या वेगाने प्रॉडक्शन चालवून दाखवायचं, आणि मग कुठे तो ब्रॅकेट गाडीवर चढतो. महिने जातात यात.

आणि गंमत अशी की एवढं करून तो ब्रॅकेट प्रेसवर मारायला माणसं किती लागतात, तर महिनाभराचा स्टॉक एक ऑपरेटर एक-दोन शिफ्टमध्ये मारून मोकळा होतो. मग रोजगार कुठे आला? तो आला टूल रूममध्ये, प्लेटिंगवाल्याकडे, लॅबमध्ये, क्वालिटीच्या पोरांमध्ये, आणि मुख्य म्हणजे त्या व्हेंडरला स्प्रिंगबॅकची भरपाई कशी करायची हे आता कळलं, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचं, कदाचित एक्स्पोर्टचं काम घेतो आणि दहा माणसं वाढवतो. ही वाढ सरकार-कंपनीच्या कुठल्याच एमओयूमध्ये (सामंजस्य करारात) लिहिलेली नसते, पण परदेशी गुंतवणुकीचा मला दिसलेला सगळ्यात टिकाऊ फायदा हाच आहे.

याच्या बरोबर उलट टोकाचा पार्ट म्हणजे वायर हार्नेस. गाडीतली सगळी वायर एकापुढे एक लावली तर किलोमीटरच्या वर जाते, आणि तो गुंता अजूनही बहुतांश हाताने बांधला जातो. मोठा उभा बोर्ड असतो, त्यावर खुंट्या, वायरचा मार्ग आखलेला, एकेक जण आपल्या टप्प्यावर वायर टाकतो, कनेक्टरमध्ये टर्मिनल क्लिक होईपर्यंत ढकलतो, टेप गुंडाळतो, बोर्ड पुढे सरकतो. वायर मऊ, कुठेही वळणारी, त्यामुळे रोबोटला ती धरता येत नाही. म्हणून हार्नेसचे कारखाने जिथे मजुरी कमी तिथे जातात, मेक्सिको, मोरोक्को, ट्युनिशिया, युक्रेन, आणि तिथे हजारोंनी लोक लागतात, त्यात बायकांचं प्रमाण मोठं असतं. मार्च २०२२ ला युक्रेनमधलं हार्नेसचं काम युद्धामुळे अडकलं आणि फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यूच्या जर्मनीतल्या लाईन थांबल्या, इतका हा हाताने होणारा पार्ट महत्त्वाचा आहे. म्हणजे नोकऱ्यांची संख्या हवी असेल तर हार्नेस, सीट कव्हरची शिलाई, सब-असेंब्ली यांच्याकडे बघायचं. पण हेच काम सगळ्यात आधी उचलून दुसऱ्या देशात नेता येतं हेही तितकंच खरं, बोर्ड आणि वायरला टर्मिनल दाबून बसवणारं क्रिम्पिंग मशीन ट्रकमध्ये घातलं की झालं. जी सरकारं फक्त संख्येच्या मागे लागतात त्यांना हा धोका उशिरा कळतो.

मग सरकारने सरळ अट का घालू नये की इतके टक्के पार्ट इथलेच हवेत? पूर्वी घालायचे. पण १९९५ पासून डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत अशी अट बसत नाही. थायलंडने २००० मध्ये आपली लोकल कंटेंटची अट काढली, भारताविरुद्ध अमेरिका आणि युरोपने तक्रार केली होती आणि २००१ च्या शेवटी पॅनेलचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. गंमत बघा, थायलंडने अट काढली तरी पार्टवाले गेले नाहीत, कारण तोपर्यंत पिकअप ट्रकच्या भोवती सप्लायर इतके घट्ट जमले होते की बाहेरून आणणंच महाग पडायला लागलं. आता दबाव दुसऱ्या वाटेने येतो. अमेरिका-मेक्सिको-कॅनडाचा २०२० पासून लागू झालेला करार घ्या, ड्युटी माफी हवी तर गाडीचं ७५ टक्के मूल्य त्या तीन देशांतलं हवं, आधी हे ६२.५ टक्के होतं, शिवाय कारच्या मूल्याचा ४० टक्के भाग तासाला सरासरी किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या ठिकाणी तयार झालेला हवा. मला यातली मजुरीची अट आवडते, कारण कुठल्याही व्यापार करारात मजुराच्या खिशाचा विचार इतक्या थेट फार क्वचित केलेला असतो.

सवलतींचा विषय टाळता येत नाही. १९९३ ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने मर्सिडीजला आणण्यासाठी २५ कोटी डॉलरच्या आसपास सवलती दिल्या, बदल्यात वायदा १,५०० नोकऱ्यांचा. म्हणजे नोकरीमागे दीड लाख डॉलरच्या वर, त्यावर तेव्हा भरपूर टीका झाली आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण पुढे काय झालं बघा, होंडा आली, ह्युंदाई आली, नंतर माझदा आणि टोयोटाचा एकत्र प्लांट आला, मर्सिडीजनेही वाढवलं, आणि ज्या राज्यात आधी कार बनतच नव्हती तिथे आता मोठा ऑटो उद्योग आहे. पहिल्या कंपनीला जास्त मोजावं लागतं कारण सप्लायर नसतात, ट्रेनिंग नसतं, सगळं नव्याने असतं. म्हणून माझं मत असं की पहिल्या मोठ्या कंपनीला सवलत देणं समजू शकतं, पण चौथ्या-पाचव्या कंपनीला तेवढीच सवलत देणं म्हणजे ती तशीही येणारच होती तिला फुकट पैसे देणं. आणि सवलत द्यायचीच तर जमिनीवर आणि टॅक्सवर कमी, ट्रेनिंग सेंटरवर जास्त द्यावी, कारण कंपनी गेली तरी शिकलेला माणूस तिथेच राहतो.

निव्वळ नोकऱ्या किती वाढल्या हा वेगळाच प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. नवीन प्लांट आला की त्याला अनुभवी वेल्डर, मेंटेनन्सवाले, प्रोग्रॅमर लागतात, आणि ते कुठून येतात, तर आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांतून. पगार जास्त मिळतो म्हणून पोरं जातात आणि त्यांनी जावंच, पण तिकडे छोट्या व्हेंडरची टूल रूम रिकामी होते. बाहेरच्या कंपनीबरोबर तिचे मूळ देशातले सप्लायरही येतात आणि स्थानिकाच्या हातचं काम त्यांच्याकडे जातं. १९९८ ला ह्युंदाईचा चेन्नईजवळचा प्लांट सुरू झाला तेव्हा बरेच कोरियन सप्लायर सोबत आले, त्यांनी हजारो लोकांना काम दिलं हे खरंच, पण टियर-१ ला, म्हणजे कार कंपनीला थेट पार्ट देणाऱ्यांत, स्थानिक कंपनीची जागा त्या मानाने कमी राहिली. स्लोवाकियात याचं दुसरं टोक दिसतं. लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास आणि वर्षाला साधारण १० लाख गाड्या, माणशी गाड्या बनवण्यात जगात सगळ्यात पुढे. १९९१ ला फोक्सवॅगन, २००६ ला किया आणि पूझो-सिट्रोएन, २०१८ ला जग्वार लँड रोव्हर. तिथे शेवटी माणसंच पुरेनात, सर्बिया-युक्रेनमधून कामगार आणावे लागले. नोकऱ्या भरपूर, पण देश एका उद्योगावर इतका टेकलेला की गाड्यांची मागणी पडली तर सगळंच हलतं.

आता ड्रॉइंगवर सही कुठे होते तो मुद्दा, इंजिनिअर म्हणून तुमच्यासाठी हाच सगळ्यात मोठा. ऑस्ट्रेलियात फोर्डने ऑक्टोबर २०१६ ला गाड्या बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी टोयोटा आणि होल्डन (जीएम म्हणजे जनरल मोटर्सचा तिथला ब्रँड) दोन्ही बंद, म्हणजे देशातलं कार बनवणंच संपलं. पण फोर्डचं डिझाईन आणि इंजिनिअरिंग तिथे चालूच राहिलं, कारण रेंजर पिकअपची मुख्य जबाबदारी ऑस्ट्रेलियन टीमकडे होती, गाडी बनते थायलंड आणि दक्षिण आफ्रिकेत आणि तिच्यावर डोकं चालतं मेलबर्नकडे. भारतातही तसंच, सप्टेंबर २०२१ ला फोर्डने इथलं उत्पादन बंद करतोय म्हणून सांगितलं, सुमारे ४,००० कामगारांवर परिणाम, साणंदचा प्लांट पुढे टाटांनी घेतला, पण त्याच वेळी फोर्डच्या भारतातल्या बिझनेस आणि इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमध्ये ११,००० च्या वर लोक होते आणि ते काम चालू राहिलं. प्लांटवाल्यांचं दुःख यामुळे कमी होत नाही, लाईनवरच्या माणसाला कॉम्प्युटरवरची नोकरी मिळत नसते. पण कुठलं काम टिकतं हे यातून स्पष्ट दिसतं.

सगळीकडे टिकतंच असंही नाही. जीएमने २०२० ला होल्डनचा ब्रँडच गुंडाळायचं ठरवलं तेव्हा तिथलं डिझाईन-इंजिनिअरिंगही गेलं. फरक असा की ज्या टीमकडे जगभर विकल्या जाणाऱ्या एखाद्या गाडीची पूर्ण जबाबदारी असते तिला हलवणं कठीण जातं, आणि जी टीम फक्त दुसऱ्याने दिलेलं कॅड मॉडेल (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) नीटनेटकं करून परत पाठवते तिला हलवायला एक तिमाही पुरते. रुमानियात फ्रान्सच्या रेनोने १९९९ ला डाचिया ही तिथली कार कंपनी घेतली, आधी फक्त स्वस्त गाडी बनवायची म्हणून, पण नंतर तिथे इंजिनिअरिंग सेंटर आणि टिटूला टेस्ट सेंटर उभं केलं. हंगेरीत ग्योरला ऑडी १९९३ ला आली ती इंजिनं बनवायला, पुढे कार असेंब्ली आली आणि इंजिन डेव्हलपमेंटही. अशा ठिकाणी युनिव्हर्सिटीपासून टूल रूमपर्यंत सगळ्यांची पातळी वर जाते.

ईव्हीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. इंजिन, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, फ्युएल सिस्टीम यांचे मशीनिंग-कास्टिंगवाले अडचणीत येणार, मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी पॅक, थर्मल आणि सॉफ्टवेअरवाले वाढणार. पण सस्पेन्शन, ब्रेक, सीट, बॉडी, लाईट यांना काही होत नाही. पिस्टन किंवा गिअर बनवणाऱ्या शॉपमधल्या माणसाला माझा सल्ला एवढाच, मायक्रॉनमध्ये काम करायची सवय फुकट जात नाही, रोटर शाफ्टलाही तीच लागते, फक्त आत्तापासून तिकडचं कोटेशन भरायला लागा.

आता तुम्ही करायचं काय. परदेशी कंपनीचा इंटरव्ह्यू आला तर पगाराच्या आधी चार गोष्टी विचारा आणि लाजू नका. चेंज नोट, म्हणजे डिझाईन बदलाचा आदेश, इथला इंजिनिअर रिलीज करतो की फक्त रिक्वेस्ट पाठवतो? टेस्टिंग इथे होतं की सॅम्पल बाहेर जातं? मटेरिअल मंजुरीचा अधिकार इथल्या लॅबला आहे का? पुढच्या मॉडेलचं काम या साईटला मिळालंय का? चारपैकी दोनला जरी ठाम "इथेच" असं उत्तर आलं तर जा, शिकायला मिळेल. चारही वेळा "हेड ऑफिस ठरवतं" आलं तर पगार बरा असला तरी तीन-चार वर्षांच्या पुढचा विचार करून ठेवा. आणि नवीन पास झालेल्यांना माझं ठाम म्हणणं आहे की मोठ्या नावाच्या असेंब्ली प्लांटमध्ये लाईनवर उभं राहण्यापेक्षा पहिली दोन-तीन वर्षं चांगल्या टियर-१ किंवा टूल रूम असलेल्या टियर-२ मध्ये (टियर-१ ला पार्ट देणाऱ्या कंपनीत) काढा. तिथे एकच पोरगा आरएफक्यूपासून (भाव मागण्यापासून) एसओपीपर्यंत (उत्पादन सुरू होईपर्यंत) अख्खा पार्ट हाताळतो, डाय फुटली तरी तोच आणि कस्टमरचा फोन आला तरी तोच, आणि पुढे कुठल्याही देशाची कंपनी येऊ दे, असा माणूस तिला पहिल्याच दिवशी लागतो.